मातीच्या राणीचा पदर

१

माणूस धडधडीत खोटा वागतो आणि तरीही त्याच्या तोंडून निघालेला शब्दन्‌शब्द खरा असतो, असे कधी पाहिले आहे तुम्ही? पाहिले नसेल तर ही गोष्ट ऐका. पाहिले असेल, तर मग ऐकाच.

एक साचेकार होता. जुन्या मूर्तींवरून साचे घ्यायचे, त्यांत प्लास्टर ओतून प्रतिकृती काढायच्या आणि त्या संग्रहालयाच्या दुकानात द्यायच्या, हा त्याचा व्यवसाय. हात कसबी, नजर बारीक, स्वभाव उतावळा. संग्रहालयाच्या मागच्या बाजूला त्याची कामाची खोली होती. तिथे प्रत्येक वस्तूवर पांढरी भुकटी बसलेली असे, आणि त्याच्या भुवयांवरही.

त्याच संग्रहालयात त्याच्या बायकोचे थोरले भाऊ पहारेकरी होते. त्यांना सारेच दादा म्हणत. संसार केला नव्हता. दालनाला लागून एक खोली मिळाली होती, तीत एकटे राहत. देवाचे नाव घेऊन दार उघडायचे आणि देवाचे नाव घेऊन लावायचे, एवढाच त्यांचा नेम.

दालनाच्या टोकाला, काचेच्या कपाटात, भाजलेल्या मातीची एक वीतभर मूर्ती होती. ग्रीकांची कोणी प्राचीन राणी. तिचे नाव काळाने पुसले होते, ऐट मात्र पुसता आली नव्हती. आसनावर ताठ बसलेली. उजवा हात मांडीवर, आणि डाव्या हाताने डोक्यावरून आलेले वस्त्र गालापासून जरासे दूर धरलेले. दोन्ही डोळे समोर.

"पदर बाजूला करून बघताहेत बाईसाहेब, कोण आलंय ते," दादा म्हणत. "ओळखीचं असलं तर बसा म्हणतील. नसलं तर हाकलायला आम्ही आहोतच."

संध्याकाळी दालन बंद करताना ते काचेवर नखाने हलकेच टकटक करीत आणि म्हणत, "येतो, बाईसाहेब." त्यांच्या आधीचा पहारेकरी असेच करी, त्याच्या आधीचाही करीत असावा. साचेकाराला याचे हसू येई.

"दादा, जाता-येता इतकं अगत्य आमचं कधी केलं नाहीत."

"तुम्ही बोलता, जावईबापू. बोलणाऱ्याची भीती नसते. न बोलणाऱ्याचा मान राखावा."

२

राणीच्या प्रतिकृती काढायचे ठरले. संग्रहालयाच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी साचेकाराला हुकूम दिला. मूर्ती कपाटातून काढायची ती पहारेकऱ्यानेच, कापड घातलेल्या तबकात न्यायची ती त्यानेच, आणि काम झाल्यावर परत ठेवायची तीही त्यानेच, असा तिथला दंडक होता. दादांनी राणीला कामाच्या खोलीत आणून ठेवले आणि ते दाराबाहेर स्टुलावर जाऊन बसले.

आता एक गोष्ट समजून घ्या. मातीच्या मूर्तीवर प्लास्टर चढवण्याआधी साबणाच्या पाण्याचा एक हात द्यावा लागतो. तो पुरता वाळू द्यायचा. मग तेलाचा हात. यात कुचराई झाली, तर प्लास्टर मूर्तीला धरते आणि मग सोडत नाही. हे साचेकाराला डोळे मिटूनही ठाऊक होते. परंतु ठाऊक असणे आणि धीर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याने साबण ओला असतानाच तेल फिरवले. गाल आणि पदर यांच्यामधल्या अरुंद फटीत तर त्याचा कुंचला पोहोचलाही नाही.

साचा उघडला तेव्हा राणीचे डोके साच्यातच राहिले.

त्याने आधी दाराकडे पाहिले. मग बारीक छिन्नीने त्याने डोके सोडवले. मान स्वच्छ तुटली होती, कपचा उडाला नव्हता. दाराबाहेर दादा कसलेसे स्तोत्र गुणगुणत होते.

त्या क्षणी दार उघडून चूक सांगितली असती तर काय झाले असते? काम गेले असते. चारचौघांत मान खाली गेली असती. एवढेच. देवाने माणसाला यापेक्षा स्वस्तात क्वचितच सोडले आहे.

त्याने मानेवर मेणाचा बारीक ठिपका लावला, डोके जागेवर टेकवले, फुंकर मारून भुकटी उडवली, आणि दार उघडले.

"दादा, झालं काम. न्या तुमच्या बाईसाहेबांना."

दादांनी तबक उचलले. उंबरठ्यापाशी त्यांचे पाऊल किंचित अडखळले, नेहमीच अडखळे, आणि डोके घरंगळले. आवाज फार झाला नाही. वाळलेली शेंग फुटावी इतपतच.

"अहो..." दादा म्हणाले. "अहो, बाईसाहेब!" रस्त्यात पडलेल्या माणसाला म्हणावे तसे.

मोठ्या बाई धावत येईपर्यंत साचेकार गुडघ्यांवर बसून तुकडे गोळा करीत होता. मानेवरचे मेण त्याने अंगठ्याने पुसून घेतले होते.

"माझ्या हातून पडली," दादा म्हणाले. त्यांचा चेहरा प्लास्टरसारखा झाला होता.

बाईंनी साचेकाराकडे पाहिले. त्याला काही बोलण्याची गरज नव्हती. तरीही तो बोलला.

"दादांचे हात हल्ली थरथरतात, बाई."

हे खरे होते. शब्दन्‌शब्द.

३

दादांची नोकरी गेली. नोकरीबरोबर खोलीही गेली. एक पेटी आणि एक घोंगडी घेऊन ते बहिणीच्या घरी आले. मागच्या बाजूच्या खोलीत त्यांची खाट टाकण्यात आली. त्या खोलीला एकच खिडकी होती, आणि ती भिंतीकडे उघडे.

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तू राखल्या," ते बहिणीला म्हणाले, "आणि शेवटी मीच फोडली. लोकांना तोंड कसं दाखवू गं?"

"कोण बघायला आलंय तुझं तोंड? जेव आधी."

साच्याला मात्र फारसे काही झाले नव्हते. साचेकाराने तो डागडुजी करून घेतला आणि त्यातून राण्या निघू लागल्या. पहिली कपाटात बसली, मूळ मूर्तीच्या जागी. खाली 'प्रतिकृती' अशी पट्टी लागली. बाकीच्या दुकानात जाऊ लागल्या.

थोड्या दिवसांनी दादांनी संकोचत विचारले, "जावईबापू, एखादी बिघडलेली निघाली, तर मला आणाल का? फुटकी असली तरी चालेल. संध्याकाळ झाली की हात उगाच काच शोधतो."

नाही कसे म्हणायचे? त्याने पाठीवर हवेचा बुडबुडा राहिलेली एक प्रतिकृती आणून दिली. दादांनी ती खाटेसमोरच्या फळीवर ठेवली. आणि दिवस मावळला की पुढल्या खोलीत बसलेल्या साचेकाराला फळीवर नखाचा आवाज ऐकू येऊ लागला. टकटक. मग, "येतो, बाईसाहेब."

जात तर ते कुठेच नसत.

४

पहिल्यांदा लक्षात आले ते बायकोच्या.

"अहो, हिचे दोन्ही डोळे दिसायचे ना?"

ती फडके हातात घेऊन फळीपाशी उभी होती. साचेकाराने पाहिले. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यावर पदराची कड आली होती.

"उजेड कुठून पडतो त्यावर आहे ते."

"मी रोज पुसते हो. उजेड रोज तोच असतो."

"मग पुसताना झिजलं असेल."

"झिजून वाढतं होय काही? नवीनच ऐकलं," ती म्हणाली, आणि हसून कामाला लागली.

तो मात्र तिथेच राहिला. दादा खाटेवर झोपले होते. त्याने राणी उचलून उजेडात धरली, आणि लगेच परत ठेवली. ती कोमट होती.

ओतलेले प्लास्टर घट्ट होताना तापते, हे त्याला माहीत होते. हाताला चांगले जाणवावे इतके तापते. पण ते एकदाच, आणि थोडाच वेळ. ही राणी वाळून किती आठवडे लोटले होते! शेजारी स्वयंपाकघर आहे, भिंत तापत असेल, असे त्याने मनाला समजावले. त्याने भिंतीला हात लावून पाहिला. भिंत गार होती.

५

दुसऱ्या दिवशी कामाच्या खोलीत त्याने नवी राणी ओतली. साचा उघडला, आणि त्याच्या हातातली कानस तशीच राहिली. याही राणीचा पदर पुढे आला होता. घरच्या राणीपेक्षा एखाद्या धाग्याइतका जास्तच.

साचा कडक असतो. त्यात जी पोकळी आहे तीच पुन्हा पुन्हा भरते. साच्याला मन नसते. त्याने परकार घेऊन साच्याची पोकळी मोजली. गाल आणि पदर यांच्यातले अंतर पहिल्या दिवशी होते तेवढेच होते. मग तोच परकार त्याने नुकत्याच निघालेल्या मूर्तीला लावला. टोके आत गेली नाहीत.

प्लास्टर घट्ट होताना किंचित फुगते. त्या फटीत फुगले असेल. तेल कमी पडले असेल. त्याने या वेळी साबण पुरता वाळू दिला, तेलाचा हात नीट दिला, फटीत बारीक कुंचल्याने दोनदा तेल फिरवले. त्या दिवशी जे करायला हवे होते, ते त्याने आज अगदी यथासांग केले. राणी ओतली. काढली.

पदर डोळ्याच्या मध्यावर आला होता.

त्या दुपारी मोठ्या बाईंनी त्याला दालनात बोलावले.

"कपाटातली प्रतिकृती तुम्ही बदललीत का?"

"नाही, बाई."

"मग मूळ मूर्तीशी ही जुळत का नाही? माझ्याकडे छायाचित्र आहे. मूळ मूर्ती समोर बघते. ही तर..." बाईंना शब्द सापडेना. "ही तर तोंड लपवतेय. कुलपाची किल्ली माझ्याकडे आहे. कपाट मी उघडलेलं नाही."

साचेकार काचेजवळ गेला. आपल्याच हातांची करणी, त्याने शंभरदा न्याहाळलेली. डाव्या हाताची बोटे, जी पदर दूर धरीत, ती आता तो पुढे ओढीत होती. बोटांची ठेवण तीच होती. फक्त त्यांचा हेतू बदलला होता.

"नवीन देतो, बाई," तो म्हणाला.

"दादा असते तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं त्यांनी," बाई स्वतःशीच बोलल्या.

६

दादा आता उठेनासे झाले. वैद्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि बाहेर येऊन सांगितले की शरीरात रोग असा काही नाही. माणसाने आतून दार लावून घेतले आहे.

बायकोने नवऱ्याला चुलीपाशी गाठले.

"एक ऐकाल माझं? त्याला एकदा सांगा, की त्याची चूक नव्हती म्हणून. आधीच तडकलेली असेल, असं काहीतरी."

"कशाला?"

"खोटं का असेना हो! मरणाऱ्याच्या समाधानासाठी बोललेलं खोटं देव माफ करतो. माझं तो ऐकत नाही. तुमच्यावर त्याचा विश्वास आहे. तुम्ही तिथे होतात ना."

साचेकार तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. रडून सुजलेले डोळे, ओठाजवळचा जुना तीळ, कपाळावर चिकटलेली बट. पुढे त्याला हा चेहरा फार आठवला. कारण नीट असा त्याने तो शेवटचाच पाहिला.

काय दैवगती पाहा! खोटे म्हणून जे बोलायला ती विनवीत होती, तेच खरे होते. चार शब्द. तिने त्या शब्दांना आधीच क्षमा मिळवून ठेवली होती. पण ते चार शब्द एकदा तोंडातून निघाले, की त्यांच्यामागून मेणाचा ठिपकाही निघेल, अशी भीती त्याला वाटली.

"बघतो," तो म्हणाला.

तो मागच्या खोलीत गेला. दादांचा डोळा लागला होता. फळीवरच्या राणीचा पदर गालाला जवळजवळ टेकला होता; मध्ये नखाइतकी फट उरली होती. भरदुपार असूनही त्या खोलीत अंधुक असे. त्याने खिशातून विजेरी काढली, फटीवर धरली आणि एक डोळा मिटून आत पाहिले.

आत चेहरा असायला हवा होता, म्हणजे प्लास्टर. पांढरे, कोरडे, त्याच्या ओळखीचे.

आत कोरडे नव्हते.

एवढेच त्याने पुढे एकदा सांगितले. याहून अधिक विचारले की तो हात वर करून थांबवी. विजेरी खाली पडून फुटली, त्या आवाजाने दादा जागे झाले.

७

"जावईबापू?"

"हां, दादा."

"बसा जरा. एक विचारायचं आहे. रागावू नका."

तो खाटेच्या कडेला बसला. राणीकडे त्याची पाठ होती. पाठीमागे काहीतरी बारीक सरकल्याचा आवाज झाला. कोऱ्या कापडावर कापड घासावे तसा. त्याने मान वळवली नाही.

"त्या दिवशी मी तबक उचललं ना," दादा म्हणाले, "तेव्हा मला वाटलं, मान हलली. पाऊल अडखळायच्या आधीच. हाताला कळतं हो. इतकी वर्षं उचललीय मी ती. मी कुणाजवळ बोललो नाही. म्हणतील, म्हातारा दुसऱ्यावर ढकलतोय. पण तुम्हाला विचारतो. तुमचं काम झालं तेव्हा मान घट्ट होती ना?"

दाराशी बायको पाण्याचे भांडे घेऊन उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहून डोळ्यांनीच विनवले.

देव माणसाला पश्चात्तापासाठी दार उघडून देतो. कधी कधी तर स्वतः दाराशी उभाही राहतो. पण उंबरठा ज्याचा त्यानेच ओलांडायचा असतो.

"घट्ट होती, दादा," साचेकार म्हणाला. "अगदी घट्ट."

या वेळी त्यातला एकही शब्द खरा नव्हता.

"बरं," दादा म्हणाले. "मग दोष माझ्याच हातांचा." आणि थोड्या वेळाने, नेहमीच्याच आवाजात: "येतो, बाईसाहेब."

त्यांनी डावा हात उचलला. तर्जनी आणि अंगठा यांच्यात चादरीची कड धरली, आणि ती हळूहळू गालावरून, डोळ्यावरून, पुऱ्या चेहऱ्यावर ओढून घेतली. एरवी थरथरणारा तो हात त्या वेळी मुळीच थरथरत नव्हता.

मग तो तिथेच थांबला. चादरीखालचा श्वासही.

बायकोच्या हातातले भांडे पडले. साचेकार दचकून तिच्याकडे वळला. वळताना त्याची नजर फळीवरून गेली. राणीचा पदर पुरता मिटला होता, फट म्हणून उरली नव्हती. आणि दारात बायको उभी होती. तिचे केस होते, खांदे होते, गळ्यातून फुटणारा हंबरडा होता. परंतु जिथे चेहरा असायचा, तिथे पांढऱ्या वस्त्रासारखे काहीतरी ताणलेले होते. आणि ते आतून घट्ट धरून ठेवणारी बोटे त्याला क्षणभर, स्पष्ट, दिसली.

८

त्याने डोळे चोळले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी पाटीवरची बारीकात बारीक अक्षरे वाचून घेतली आणि नजर उत्तम आहे असे सांगितले. सांगणाऱ्याचा चेहरा त्याला दिसला नाही. रस्त्यात कोणाचाच दिसेना. हात दिसत, पावले दिसत, कपड्यांचे काज दिसत. आरशात त्याला आपली मान दिसे, आणि तिच्यावर ती पांढरी, मिटलेली जागा.

मग तो मोठ्या बाईंकडे गेला आणि त्याने सगळे सांगितले. ओला साबण, मेणाचा ठिपका, ते एक खरे वाक्य. बाई बराच वेळ गप्प राहिल्या. त्या गप्पपणात संताप होता की कीव, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. चेहऱ्यावाचून मौन वाचता येत नाही. शेवटी त्या एवढेच म्हणाल्या, "हे त्यांना सांगायचं होतंत." दादांच्या नावावरचा डाग संग्रहालयाने धुऊन काढला. साचा फोडण्यात आला. दुकानातल्या आणि कपाटातल्या राण्या तळघरात भिंतीकडे तोंड करून ठेवण्यात आल्या. सगळ्यांचेच पदर मिटलेले होते; तसे करण्याची खरे तर आता गरज उरली नव्हती.

घरी येऊन त्याने बायकोलाही सांगितले. ती चुलीपाशी होती. तिचे हात थांबले. मग पुन्हा चालू लागले.

"चार शब्द होते," ती म्हणाली. "मी तुम्हाला खोटं म्हणून मागितले होते."

ती त्याला सोडून गेली नाही. रोज ताट वाढी, कपडे धुई, ताप आला तर उशाशी बसे. ती रडते की नाही, तिने कधी क्षमा केली की नाही, हे त्याला आवाजावरून समजत नसे, कारण ती गरजेपुरतेच बोले. एकदा, पुष्कळ वर्षांनी, त्याने विनवले: "मला दिसत नाही. निदान हाताने बघू दे. आयुष्यभर हातांनीच तर पाहत आलो मी." आणि त्याने बोटे तिच्या चेहऱ्याकडे नेली.

तिने त्याचे मनगट धरले आणि हात हळूच खाली ठेवला.

त्याच्या मरणापर्यंत तिने त्याला आपल्या चेहऱ्याला हात लावू दिला नाही.